पार्किन्सन्स असताना सायकल चालवायची, आणि तीही कोणासाठी तरी : नेरूळमधून सगळं सविस्तर

फळ्यावरचं माझं अक्षर लहान होत चाललंय हे सगळ्यात आधी सातवीच्या मुलांना कळलं. बाई, मागून दिसत नाही, असं रोज कोणीतरी म्हणायचं आणि मला वाटायचं पोरं टंगळमंगळ करतायत. मग चालताना डावा हात हलेनासा झाला, मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास येईना, खांदा आखडला. त्या खांद्यावर दीड वर्ष शेक आणि गोळ्या झाल्या आणि मग एका न्यूरोलॉजिस्टने मला नुसतं दारातून खुर्चीपर्यंत चालताना बघून सांगितलं, पार्किन्सन्स. तेव्हा मी 53 वर्षांची होते, आता 58.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर फक्त डॉक्टर, फिजिओ आणि गोळ्या संपायच्या तारखा होत्या. आणि लोक चांगले वागत होते, खूपच चांगले, हातातली पिशवी काढून घ्यायचे, हळदीकुंकवाला गेले की खुर्ची पुढे करायचे, तुम्ही बसा हो बाई, तुम्ही काही करू नका. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला "काही करू नका" ऐकून काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. मग एका वर्षी आम्ही चौदा जणांनी मिळून सहा किलोमीटरची एक सायकल राईड काढली, ज्या पेशंटना फिजिओथेरपी परवडत नाही त्यांच्यासाठी पैसे जमवायला, आणि त्या कॅलेंडरवर पहिल्यांदा अशी तारीख आली जिची मी वाट बघत होते. ते कसं केलं आणि तुम्हाला कसं करता येईल, ते सगळं लिहिते.

आधी डॉक्टर, आणि नेमकं काय विचारायचं

"सायकल चालवू का?" एवढंच विचारलंत तर घाईत "हो, हळू चालवा" असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या. मागच्या सहा महिन्यांत पडलात का, किती वेळा? चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का? उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते का? पार्किन्सन्समध्ये आणि त्याच्या गोळ्यांनीही उभं राहिल्यावर बीपी पटकन खाली येऊ शकतं, म्हणून झोपून आणि उभं राहून अशी दोन्ही मापं घ्यायला सांगा. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू असतील तर अचानक झोप येते का हे घरच्यांना विचारून मग सांगा, कारण आपल्याला स्वतःला ते कळत नाही आणि भर रस्त्यात सायकलवर डुलकी लागली तर काय होईल ते मी सांगायला नको. हार्टचा त्रास असेल तर त्या डॉक्टरांचाही होकार घ्या.

अजून एक गोष्ट, जी मला आमच्या फिजिओने सांगितली. आधी छान सायकल चालवणारा माणूस आजार सुरू झाल्यावर लगेचच सायकलवर तोल सांभाळू शकत नसेल तर ते न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगायचं. साध्या पार्किन्सन्समध्ये सायकलचा तोल बराच काळ टिकतो, पण त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे काही आजार असतात त्यांत तो लवकर जातो, त्यामुळे निदानाला या माहितीची मदत होते.

सायकलच का

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉ. बास ब्लूम यांनी एका पेशंटचा व्हिडिओ मेडिकल जर्नलमध्ये दिला होता. 58 वर्षांचा माणूस, दहा वर्षांचा पार्किन्सन्स, जेमतेम काही पावलं टाकली की पाय गोठायचे, म्हणजे जागीच चिकटायचे, आणि पडायचा, आणि त्यालाच सायकलवर बसवल्यावर तो सरळ जाऊन वळून परत आला, अगदी व्यवस्थित. उतरल्यावर पाय पुन्हा गोठले. माझ्याच आत्ताच्या वयाचा माणूस. मी तो व्हिडिओ भाच्याच्या मोबाईलवर बघितला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

असं का होतं तर चालताना प्रत्येक पाऊल मेंदूला स्वतःहून सुरू करावं लागतं, आणि या आजारात डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झाल्यावर नेमकं हे "सुरू करणं"च अडतं. सायकलवर एक पेडल खाली गेलं की दुसरं आपोआप वर येतं, म्हणजे पायाला पुढची सूचना यंत्राकडूनच मिळत राहते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलमध्ये पुढे संशोधन करणारे डॉ. जे (Jay) अल्बर्ट्स 2003 मध्ये पार्किन्सन्स असलेल्या एका मैत्रिणीला घेऊन टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, आयोवा राज्य ओलांडत होते. ते पुढे बसून जोरात पेडल मारायचे त्यामुळे मागे तिलाही तेवढ्याच जोरात मारावं लागायचं, आणि काही दिवसांत तिचं बारीक झालेलं हस्ताक्षर सुधारलं. पाय चालवले आणि अक्षर सुधारलं! फळ्याची आठवण आल्याशिवाय राहील का मला. मग 2009 मध्ये त्यांनी दहा पेशंटवर आठ आठवडे प्रयोग केला, त्यात स्वतःच्या इच्छेपेक्षा जास्त वेगाने, मिनिटाला 80 ते 90 फेरे पेडल मारणाऱ्यांच्या हालचालीत सुमारे 35 टक्के सुधारणा दिसली. माणसं थोडी होती म्हणून त्याला फार मोठं करून सांगत नाही, पण 2019 मध्ये नेदरलँड्सला 130 जणांचा नीट अभ्यास झाला, घरातल्या सायकलवर आठवड्यातून तीन वेळा असं सहा महिने, आणि व्यायाम करणाऱ्यांच्या हालचाली जवळपास तशाच राहिल्या, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या खालावल्या. आजार बरा होत नाही, गोळ्या सुटत नाहीत. कोणी तसं सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

कुठली सायकल

पडायची भीती किंवा पाय गोठणं असेल तर दुचाकी सायकल रस्त्यावर नकोच. घरात एक्सरसाइज सायकल घ्या, पाठीला टेकू असलेली मिळाली तर उत्तम, आणि बाहेर जायचंच असेल तर मोठ्यांची तीनचाकी सायकल मिळते, वळणावर मात्र ती हळू घ्यावी लागते नाहीतर एक चाक उचलतं. आमच्या ग्रुपमधले एक काका तीनचाकीवरच येतात, पुढे बास्केट आहे त्यात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या असतात, त्यांच्याशिवाय आम्ही निघतच नाही.

दुचाकी चालवणार असाल तर मधला दांडा खाली असलेली घ्या, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती. पुरुषांनी लाजू नये, पाय वरून टाकतानाच बरीच लोकं पडतात. गिअर कमी आणि सोपे, पेडल साधं सपाट, पाय अडकवायचे क्लिप वगैरे अजिबात नाही. दोन्ही बाजूंना आरसे हवेतच कारण आपली मान आणि कंबर एकदम वळत नाही, आणि वळवली तर हँडल पण वळतं. ज्या हाताला कंप जास्त त्या हातात पुढच्या चाकाचा ब्रेक ठेवू नका, झटका बसून अचानक दाबला गेला तर तोंडावर पडायला होतं. सायकलवाल्याला सांगितलं तर तो केबल बदलून देतो.

आता सीटबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, म्हणजे थांबताना फुटपाथ डावीकडे, म्हणजे पाय टेकायचा तो डावा, आणि माझा आखडलेला पाय तोच. पहिले दोन महिने थांबताना माझा जीव वर यायचा. मग सीट इतकी खाली केली की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात. पेडल मारताना गुडघे थोडे जास्त वाकतात, लांब जायचं असेल तर दमायला होतं, पण सहा किलोमीटरला काही बिघडत नाही. घरातल्या सायकलवर मात्र सीट नीट उंच ठेवते, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी.

घरातले पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, एक दिवसाआड. एवढंच. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत तीस-चाळीस मिनिटांपर्यंत या, त्यात सुरुवातीची आणि शेवटची पाच-सात मिनिटं हळू. जोर किती लावायचा तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

वेग मोजायला मशीनवर आकडा नसेल तर उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा, वीस वेळा आला तर मिनिटाला 80 झाले. मी साठापासून सुरुवात केली होती. आपला आजार असा आहे की आपल्याला वाटतं आपण जोरात मारतोय आणि प्रत्यक्षात हळूहळू मंदावत जातो, म्हणून बाहेरून ठेका पाहिजे. मोबाईलवर मेट्रोनोम लावा, नाहीतर लेझीम किंवा ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावा, माझ्या नवऱ्याला त्या आवाजाचा वैताग येतो पण आता तोच वेळ झाली की लावून देतो.

गोळीची वेळ फार महत्त्वाची. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, घेतल्यावर कधी अंग मोकळं होतं आणि कधी गोळीचा असर उतरतो हे आठवडाभर वहीत लिहा, आणि मोकळ्या वेळातच सायकल. गोळी आणि जेवण यात डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर ठेवा, साधारण अर्धा तास आधी किंवा तासभर नंतर असं सांगतात, कारण डाळ, अंडी, पनीर यातल्या प्रोटीनमुळे गोळी नीट शोषली जात नाही. राईडच्या आधी मी एक केळं किंवा दोन खजूर खाते, पोहे-इडली नंतर.

रस्त्यावर : नवी मुंबई आणि ठाणे

नेरूळ आणि सीवूड्सच्या सेक्टरांमधले आतले रस्ते सकाळी सहा ते साडेसात या वेळात सायकलसाठी फारच छान आहेत, सपाट, रुंद आणि झाडं. रविवारी तर विचारूच नका. पाम बीच रोड बघून मोह होतो पण मुख्य रस्त्यावर गाड्या सुसाट जातात, आपल्यासारख्यांनी तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही करावे गावाच्या बाजूने खाडीकडे जातो, फ्लेमिंगो आलेले असले की थांबतो, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दिसतात, आणि त्या थांबण्यात जी विश्रांती मिळते ती मुद्दाम घेतल्यासारखी वाटत नाही. खारघरला सेंट्रल पार्कच्या आजूबाजूचे रस्ते पण मोठे आहेत. ठाण्यात राहणाऱ्यांनी पहाटे उपवन तलावाचा परिसर बघावा. येऊरचा चढ सुरुवातीला नको, आणि त्याहून उतार तर नकोच. घोडबंदर रोडवर ट्रेलर चालतात, तिकडे अजिबात नाही.

सुरुवात करायला एक युक्ती. चांगल्या पायाचं पेडल घड्याळात दहा वाजल्यासारखं वर आणून ठेवा, तीन आकडे मोठ्याने म्हणा आणि तिसऱ्याला दाबा. थांबताना वीस-पंचवीस पावलं आधीच ठरवा की त्या झाडापाशी थांबायचं, पूर्ण थांबा, दोन्ही पाय टेका, ब्रेक दाबून धरा, आणि मग उतरा. उतरताना पाय गोठला तर ओढाताण करायची नाही. एक श्वास घ्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, जमिनीवरची एखादी रेघ किंवा फरशीची कड शोधा आणि तिच्यावरून पाऊल टाका.

कधीच एकटं जायचं नाही. एक जण पुढे, एक जण मागे. हात दाखवून सिग्नल द्यायचं काम मागच्याचं, आपण दोन्ही हात हँडलवर ठेवायचे. आणि गळ्यात शिट्टी, हे माझ्याकडून लिहून घ्या. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, मी मागून "थांबा" म्हणाले ते पुढच्याला कधी ऐकूच गेलं नाही, आता शिट्टी वाजली की सगळे थांबतात. हेल्मेट, ट्रॅकपँट, ओढणी नाही, खिशात आजाराचं नाव, गोळ्यांच्या वेळा आणि घरचा नंबर लिहिलेला कागद. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मे महिन्यात सात वाजता परत घरी. पावसाळ्यात बाहेर नाहीच.

माणसं कशी जमतात

मला वाटायचं की जाहिरात वगैरे करावी लागेल. तसं काही झालं नाही. मी न्यूरोलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला, आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं, त्यातले काही आता चाळिशीचे आहेत. आजार लपवून मेसेज टाकू नका. मी सरळ लिहिलं, मला पार्किन्सन्स आहे, मला सायकल चालवायचीये आणि बरोबर कोणीतरी पाहिजे. संध्याकाळपर्यंत पाच जण तयार झाले, आणि एकाने खाजगीत लिहिलं की त्याच्या वडिलांनापण आहे पण घरात कोणी तो शब्द उच्चारत नाही. ते वडील म्हणजेच तीनचाकीवाले काका.

मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून काम करतेय, त्यांचे सपोर्ट ग्रुप चालतात, फोन करून आपल्या जवळचा ग्रुप विचारा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ तर मराठीतूनच काम करतं. अशा ठिकाणी एकदा तरी जाऊन बसा. हात थरथरत चहा सांडला तर कोणी बघत नाही, कारण शेजारच्याचाही सांडलेला असतो, आणि ते सुख काय असतं हे मी सांगून कळणार नाही.

ग्रुपमध्ये नव्या लोकांना एक गोष्ट आधीच सांगून टाका, की या आजारात चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. आमच्या एका सायकलवाल्या पोरीला महिनाभर वाटत होतं की मी तिच्यावर चिडलेय. मी मनातून इतकी खुश होते, आणि चेहरा सांगतच नव्हता. आता मी शब्दात सांगते, आज मला फार छान वाटतंय, असं.

पैसे

इथे कडक राहा. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका, कितीही ओळखीचे लोक असले तरी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेली संस्था निवडा, तिला आधी भेटा, पैसे नेमके कशाला लागतील ते लेखी घ्या, आणि तिचाच क्यूआर कोड आणि खातं मेसेजमध्ये द्या. देणगीवर करसवलत मिळवायला लागणारं 80जी सर्टिफिकेट मिळतं का विचारा, कारण देणगीदार पहिला प्रश्न तोच विचारतात. रोख 2,000 च्या वर दिले तर ती करसवलत मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत ती नाहीच, हे पण स्पष्ट सांगावं म्हणजे नंतर कटकट नको.

मागताना "पार्किन्सन्ससाठी मदत करा" असं मोघम म्हटलं की लोक हात जोडलेला इमोजी टाकतात आणि संपलं. आम्ही लिहिलं, एका माणसाच्या महिन्याभराच्या फिजिओला इतके रुपये लागतात, आम्हाला दहा माणसांचे तीन महिने करायचेत. मग लोकांनी "एका माणसाचा एक महिना माझा" असं म्हणून दिले. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने 100 रुपये दिले, मी नको म्हणत होते, तो म्हणाला माझ्या गावी आजीला असंच होतं, तेव्हा आम्हाला नावच माहीत नव्हतं. ते मी घेतले. म्हणजे संस्थेच्या क्यूआरवर टाकायला लावले.

सायकल येत नसलेल्यांनाही यात जागा ठेवा. पावसाळ्यात आम्ही क्लबहाऊसमध्ये दोन एक्सरसाइज सायकली ठेवल्या आणि दिवसभर आळीपाळीने सगळ्यांनी मिळून 150 किलोमीटर केले, साधारण ठाण्याहून पुण्याला जाण्याएवढे, भिंतीवर नकाशा लावून टाचण्या पुढे सरकवत. ज्यांना चालताही येत नव्हतं अशा एका आजींनी व्हीलचेअरवर बसून समोरच्या छोट्या पेडलवर अकरा मिनिटं केली आणि खंडाळ्याची टाचणी स्वतः लावली.

राईडचा दिवस

11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिवस, 1817 मध्ये या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांचा वाढदिवस. तारीख छान आहे पण आपल्याकडे तेव्हा उकाडा असतो, त्यामुळे सहाला सुरू करून साडेसातला संपवा, नाहीतर सरळ डिसेंबर-जानेवारीतला रविवार घ्या. पंधरा-वीस लोक असतील तरी जवळच्या पोलीस चौकीत जाऊन सांगून या, त्याहून मोठं करायचं असेल तर वाहतूक पोलीस आणि महापालिकेची परवानगी महिनाभर आधी मागायला लागा. रस्ता आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा फिरून बघा, खड्डे, कुत्री, खोदकाम. सहा किलोमीटर पुरेत. दर दोन किलोमीटरला बसायची जागा, आणि शौचालय कुठे आहे ते आधी बघून ठेवा, आपल्या लोकांना लघवीची घाई होते आणि त्या भीतीनेच कित्येक जण घराबाहेर पडत नाहीत. एक गाडी मागे हळू, त्यात फर्स्ट एड, जास्तीचं पाणी, आणि कोणी दमलं तर त्याची सायकल ठेवायला जागा. 108 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढे ठेवा. आम्ही पहिल्या वेळी उलट केलं होतं आणि मागचे तिघं एकटे पडले होते, त्यातली एक मी. आता काकांची तीनचाकी पुढे असते आणि बाकी सगळे तिच्या वेगाने येतात. कोणी ओव्हरटेक करत नाही, पहिला नंबर वगैरे नाही, मेडल नाही.

त्या दिवशी अंग मोकळं नसेल तर चालवू नका. माझं एकदा असं झालं, चार महिने तयारी केलेली आणि सकाळी गोळीने कामच केलं नाही, पाय उचलेना. मी रजिस्टर घेऊन खुर्चीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, दोन ओळी सोडून एक. रडू आलं होतं पण घरी जाऊन झोपले असते तर त्याहून जास्त आलं असतं.

राईड संपल्यावर लोक पोहे खाऊन लगेच पांगतात, त्याच्या आधी तीन कामं. संस्थेच्या माणसाकडून जमलेला आकडा सगळ्यांसमोर सांगून घ्या. पुढची तारीख तिथेच ठरवा, ग्रुपवर ठरवू म्हटलं की ती कधीच ठरत नाही. आणि जे नावं देऊनही आले नाहीत त्यांची यादी वाटून घ्या आणि त्याच दिवशी दुपारी प्रत्येकाला फोन करा, का नाही आलात म्हणून विचारायला नाही, आज काय काय झालं ते सांगायला. माझ्या वाट्याला दोन फोन येतात. आवाज बारीक आहे म्हणून मी स्पीकरवर ठेवून, फोन तोंडाजवळ धरून बोलते, आणि शेवटी पुढची तारीख सांगते आणि त्यांना ती कॅलेंडरवर लिहायला लावते, मी फोनवर थांबते तोवर.